लस आली ती लेकरांच्या दंडांवरून

#थ्रेड #इतिहास

१/ आपल्या घरातील पन्नाशी बरीच ओलांडलेल्या कोणाही व्यक्तीचा दंड पाहा. तेथे एक किंवा दोन गोल, किंचित खोलगट वण दिसतील. ‘हे काय?’ असे विचारले तर उत्तर येईल, ‘लहानपणी देवी काढल्या होत्या.’ आपल्या पिढीच्या दंडावर हा वण नाही. (बीसीजीचा असतो, तो वेगळा.) आजच्या थ्रेडचा विषय हा वण आहे, आणि त्याहूनही अधिक, तो उठावा म्हणून ज्यांनी आपले मूल पुढे केले, किंवा करण्यास नकार दिला, ते आईबाप.

२/ प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत ‘देवी येणे’ म्हणजे तो रोग होणे आणि ‘देवी काढणे’ म्हणजे त्याविरुद्ध टोचून घेणे. रोगाला आपण देवतेचे नाव दिले आणि रोगाच्या उपायालाही तेच नाव चिकटले. पाश्चात्त्य वैद्यकातील एक नवी क्रिया मराठी घरात शिरली ती जुन्या शब्दाचा हात धरून. पण शब्द जितका सहज रुळला, तितकी ती क्रिया सहज रुळली नाही. का, ते पुढे येईल.

३/ देवीचा रोग नेमका कसा असे? संसर्ग झाल्यावर सुमारे बारा दिवस काहीच जाणवत नसे. मग कडक ताप, पाठदुखी, आणि दोन-चार दिवसांत तोंडापासून तळपायापर्यंत पुरळ. पुरळाचे फोड, फोडांत पू, पुवाच्या खपल्या. हे सारे उरकण्यास सुमारे तीन आठवडे. रोगाच्या उग्र प्रकारात दर दहा रुग्णांमागे साधारण तिघे दगावत. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यभराचे वण राहत. काहींची दृष्टी जाई. आणि ज्या गावात साथी वारंवार येत, तेथे मोठी माणसे बहुधा आधीच त्यातून गेलेली असत. म्हणून हा रोग मुख्यतः लहान मुलांचा.

४/ त्या तीन आठवड्यांत घर कसे चाले, हे लोकरीतींवरून कळते. आजाऱ्याची खोली वेगळी. दाराशी आणि उशाशी कडुनिंबाचे डहाळे. घरात फोडणी द्यायची नाही, तळण करायचे नाही. परक्याने आत यायचे नाही. आजाऱ्याशी चढ्या आवाजात बोलायचे नाही, कारण त्याच्या अंगी देवी आलेली आहे. खपल्या गळल्यावर कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ, मग देवीची ओटी. कांजिण्या किंवा गोवर झाल्यावर यातील काही गोष्टी आजही अनेक घरांत पाळल्या जातात.

५/ ही देवी म्हणजे शीतला. नावातच तिच्याकडून मागितलेली गोष्ट आहे: थंडावा. शीतला सप्तमीस चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे शिळे अन्न खायचे, हा नियम त्यातलाच. मुंबईत माहीमला तिचे प्रसिद्ध मंदिर आहे. या सगळ्याला ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण रोगावर औषध नसलेल्या काळात आईला करता येण्यासारखे जे होते, ते याच रीतींनी तिच्या हाती दिले: शांतता, स्वच्छता, वेगळेपण आणि तीन आठवडे उशाशी बसून राहण्याचे धैर्य.

६/ उपाय अगदीच नव्हता असेही नाही. बंगालमध्ये ‘टिका’ देण्याची जुनी पद्धत होती. रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी मुलाच्या कातडीत टोचायचे, म्हणजे सौम्य रोग होऊन पुढे संरक्षण मिळे. जे. झेड. हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ मध्ये या पद्धतीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. टिका देणारे विधिपूर्वक, शीतलेचे स्मरण करून टोचत. तोटा असा की, हा खराच देवीरोग असे. तो कधी जिवावर बेते आणि त्याचा संसर्ग इतरांना होऊ शके.

७/ १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर याने जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला गोस्तनदेवीचे, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीसदृश रोगाचे, द्रव्य टोचले. पुढे त्याला खऱ्या देवीचे द्रव्य टोचले, तरी रोग झाला नाही. १७९८ मध्ये जेन्नरने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेम्स हा जेन्नरच्या माळ्याचा मुलगा. पहिला प्रयोग नोकराच्या मुलावर झाला, हे लक्षात ठेवा. मुंबईतही तेच घडणार आहे.

८/ आता अडचण अशी की ही लस बाटलीत भरून पाठवता येत नसे. उष्णतेत ती काही दिवसांत निकामी होई आणि आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानात येण्यास जहाजांना कित्येक महिने लागत. म्हणून खुष्कीचा मार्ग शोधला गेला. व्हिएन्नातील डॉ. ज्याँ द कारो याने काचांमध्ये बंद करून मेणाने सांधलेले द्रव्य पूर्वेकडे पाठवले. इस्तंबूल, बगदाद, बसरा असे टप्पे झाले. वाटेत बगदाद-बसऱ्याच्या मुलांच्या दंडांवर ती पुन्हा ताजी केली गेली. बसऱ्याहून जहाजाने ती मुंबईस आली.

९/ १४ जून १८०२. मुंबईत ती लस अनेकांना टोचली गेली. पण फोड धरला तो एकाच दंडावर. ती होती अ‍ॅना डस्टहॉल, वय सुमारे तीन वर्षे, एका युरोपीय घरातील नोकराची मुलगी. हिंदुस्थानात यशस्वीपणे लस टोचलेली ही पहिली व्यक्ती. पुढील आठवड्यात तिच्या दंडावरील फोडातून द्रव्य काढून मुंबईतील आणखी पाच मुलांना टोचण्यात आले. तेथून लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास आणि सिंहलद्वीपापर्यंत गेली.

१०/ क्षणभर ते वर्ष डोळ्यांसमोर आणा. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. आपण १८०२ म्हटले की हेच आठवतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच वर्षी, त्या सर्व हालचालींच्या आधी, तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावरून निघालेली एक साखळी या उपखंडात पसरू लागली होती. तिच्यावर फारच थोडे लिहिले जाते.

११/ ती साखळी कशी चाले, हे समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे. मुलाच्या दंडावर सुरीच्या टोकाने ओरखडे काढून द्रव्य भरत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेथे पुटकुळी येई, मग पाणीदार फोड. आठव्या दिवशी त्या फोडात स्वच्छ, पातळ द्रव साचे. तोच फोड उघडून तो द्रव पुढच्या मुलाच्या दंडात घालायचा. दहाव्या दिवसानंतर तो गढूळ होई आणि कामातून जाई. म्हणजे दर आठ दिवसांनी नवे मूल हवे. एक आठवडा मूल मिळाले नाही, तर साखळी तुटली.

१२/ येथे मराठी भाषेची एक साक्ष पाहा. आपण आज ‘लस घेतली का?’ असे विचारतो. पण ‘लस’ या शब्दाचा जुना अर्थ काय? जखमेतून किंवा फोडातून पाझरणारा पातळ, चिकट द्रव. ‘जखमेतून लस येते’ असे आजही म्हणतात. इंग्रज डॉक्टर या द्रवाला ‘लिम्फ’ म्हणत. त्याला मराठीत सरळ, रोजचा शब्द उपलब्ध होता. आज कारखान्यात तयार होणाऱ्या, शीतपेटीतून येणाऱ्या औषधालाही आपण लस म्हणतो, तेव्हा नकळत कोणा लेकराच्या दंडावरील फोडाचेच नाव घेत असतो.

१३/ हे केवळ हिंदुस्थानात घडले असे नाही. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी स्पेनमधील ला कोरुन्या बंदरातून फ्रान्सिस्को हाविएर द बाल्मिस याची मोहीम अमेरिकेतील वसाहतींकडे निघाली. जहाजावर लस होती ती २२ अनाथ मुलांच्या अंगात. एकामागून एक अशा जोड्यांना टोचत महासागर ओलांडला गेला. मुलांच्या देखभालीसाठी अनाथालयाची प्रमुख इसाबेल सेन्दाल बरोबर होती. नोकरांची मुले, अनाथ मुले: ज्यांच्या वतीने ‘नाही’ म्हणणारे कोणी नव्हते, अशांच्या दंडांवरून ही लस जगभर फिरली.

१४/ आपल्याकडे वळू. मुंबई इलाख्यात १८२७ पासून फिरत्या लसटोचकांची व्यवस्था सुरू झाली. इलाख्याचे विभाग पाडून प्रत्येकावर एक अधिकारी आणि त्याच्या हाताखाली गावोगाव हिंडणारे देशी टोचणारे. काम मुख्यतः हिवाळ्यात चाले, कारण उन्हाळ्यात लस धरत नसे. देवीची साथ मात्र भडके ती हिवाळा सरता सरता आणि उन्हाळ्यात. म्हणजे टोचणारा दारात येई तेव्हा रोग दूर असे, आणि रोग दारात येई तेव्हा टोचणाऱ्याजवळ भरवशाची लस नसे.

१५/ आता हीच गोष्ट घराच्या आतून पाहा. टोचणारा येतो, बाळाच्या दंडावर ओरखडे काढतो आणि जातो. बाळाला दोन-तीन दिवस ताप, दंड सुजलेला, रात्रभर रडणे. आई त्याला एका कुशीवर घेऊन बसते. आठव्या दिवशी, दंड सर्वांत हुळहुळा असताना, तोच माणूस पुन्हा येतो. या वेळी तो काही देण्यास आलेला नसतो, घेण्यास आलेला असतो. तो फोड उघडून त्यातील द्रव दुसऱ्यांच्या मुलांसाठी नेणार असतो. कधी तर आईला बाळासह पुढच्या गावी चला म्हणून सांगितले जाई.

१६/ पहिल्या खेपेस मुलाला पुढे करणारे आईबाप दुसऱ्या खेपेस दार लावून घेत, मूल लपवत, नातेवाइकांकडे पाठवून देत. माझ्या मते या साऱ्या इतिहासाची कळ येथे आहे. विरोध नेहमी टोचण्याला नव्हता. अनेकदा तो आठव्या दिवसाला होता. आपल्या मुलाला संरक्षण मिळाले होतेच. मग त्याचा दुखरा दंड पुन्हा का उघडू द्यावा? साहजिकच द्रव ज्यांच्याकडून घेतला जाई ती मुले बहुधा गरिबांची असत, आणि काही ठिकाणी त्यासाठी आईबापांना पैसे द्यावे लागत.

१७/ त्यातून दुसरा प्रश्न उभा राही. गरीब, बहुधा ‘खालच्या’ मानलेल्या जातीच्या मुलाच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या रक्तात कसा घालू द्यायचा? येथे सोवळेओवळे होते, उच्चवर्णीयांचा अहंकार होता, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण त्याच शंकेत एक खरी भीतीही मिसळलेली होती: दुसऱ्याच्या अंगातील रोग आपल्या मुलात येईल. ही भीती निराधार नव्हती. १८६१ मध्ये इटलीतील रिवाल्टा येथे दंडावरून दंडावर टोचण्यामुळे चाळीसहून अधिक मुलांना उपदंश झाला.

१८/ मात्र सरकारी अहवालांत याला एकच शब्द सापडतो: लोकांचा ‘पूर्वग्रह’. अहवाल लिहिणारा अधिकारी टोचलेल्या मुलांची संख्या मोजतो, खर्च मोजतो आणि आकडा कमी भरला की दोष शीतलेवर टाकतो. आईने दार का लावले, हे विचारण्यासाठी त्याच्या तक्त्यात रकाना नाही. आपण इतिहासाचे विद्यार्थी हे अहवाल साधन म्हणून वापरतो, तेव्हा हा रिकामा रकानाही वाचता आला पाहिजे. नाहीतर साहेबाचे मत आपण इतिहास म्हणून उतरवून काढू.

१९/ हा दोष ‘एतद्देशीय अज्ञाना’चा नव्हता, हे पाहायचे असेल तर खुद्द इंग्लंडकडे पाहा. तेथे १८५३ मध्ये बाळांना लस टोचणे सक्तीचे झाले. आठव्या दिवशी द्रव काढू देण्यास तेथील कामकरी आयाही नकार देत. इतक्या, की १८७१ च्या कायद्याने अशा नकाराला दंड ठेवावा लागला. मार्च १८८५ मध्ये लेस्टर शहरात सक्तीविरुद्ध हजारोंचा मोर्चा निघाला. लेस्टरमध्ये शीतला नव्हती. दुखरा दंड आणि त्याला जपणारी आई मात्र दोन्हीकडे होती.

२०/ विश्वास उडण्याचे आणखी एक कारण होते. एकदा लस टोचली की जन्मभर चिंता नाही, असे सुरुवातीस सांगितले गेले. प्रत्यक्षात काही वर्षांनी संरक्षण ओसरे आणि पुन्हा टोचावे लागे. कित्येकदा तर उन्हाने मेलेली लसच टोचली जाई. मग लहानपणी टोचलेल्यालाच पुढे देवी आल्या की सारा गाव पाही. एका घरातील असा अनुभव दहा घरांची दारे बंद करण्यास पुरेसा होता.

२१/ मग बदल कशाने झाला? मोठ्या प्रमाणात वासरांनी. वासराच्या अंगावर लस वाढवून ती तेथून घेण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. मुंबईत या कामात अनंत चंद्रोबा या मराठी डॉक्टरांचे नाव अग्रभागी आहे. गोवंशाला त्रास देण्यावरून आक्षेप निघालेच. पण आता आठव्या दिवशी कोणाच्या लेकराचा दंड उघडावा लागत नव्हता. पुढे बेळगावच्या थंड हवेत इलाख्यासाठी लस तयार होऊ लागली. बेळगावकरांना ‘व्हॅक्सिन डेपो’ हे आजही मैदानाचे नाव म्हणून ठाऊक आहे.

२२/ बरोबरीने कायदाही आला. १८७७ मध्ये मुंबई शहरात आणि १८८० च्या कायद्याने देशातील नगरपालिका व छावण्यांत लस सक्तीची करण्याची तरतूद झाली. जुनी टिका बेकायदा ठरली. मूल टोचून घेणे आणि ठरल्या दिवशी तपासणीस आणून दाखवणे ही आईबापांची कायदेशीर जबाबदारी बनली. दंडावरचा वण आता सरकारी पुरावा झाला. खेड्यांत मात्र पुढची कित्येक दशके सारे काही टोचणाऱ्याच्या चिकाटीवर आणि बोलण्यावर अवलंबून राहिले.

२३/ नकार नेहमी अज्ञानातूनच येई असे नाही, याचे सर्वांत अवघड उदाहरण साबरमती आश्रमाचे. गांधीजींचा लसीला तत्त्वतः विरोध होता. १९३० च्या आरंभी आश्रमात देवीची साथ आली आणि बालके दगावली. त्यांत आश्रमाचे संगीतगुरू पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. १२ मार्चला दांडीयात्रा निघाली, तेव्हा पंडित खरे यात्रेकरूंच्या तुकडीत होते. ज्या भजनांच्या सुरांवर ती यात्रा चालली, ते शिकवणाऱ्या बापाचे दुःख फारच ताजे होते. तत्त्वाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

२४/ स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. उन्हातही टिकणारी, गोठवून सुकवलेली लस आली. दोन टोकांची सुई आली. तरीही १९७४ च्या पहिल्या काही महिन्यांत, मुख्यतः बिहारमध्ये, सुमारे १५,००० माणसे मृत्युमुखी पडली. मग पद्धत बदलली. कार्यकर्ते देवी आलेल्या बाळाचे छायाचित्र हाती घेऊन दारोदार जात आणि विचारत, ‘असे मूल कोठे पाहिलेत का?’ रुग्ण सापडला की त्याच्या भोवतीच्या सर्वांना टोचायचे. खबर देणाऱ्यास बक्षीस. काही ठिकाणी बळजबरीही झाली, हेही नोंदवले पाहिजे.

२५/ मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे भारतातील शेवटचा रुग्ण आढळला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या भोला बेटावर रहिमा बानू या चिमुकलीला देवी आल्या. उग्र प्रकारच्या देवीचा नैसर्गिक संसर्ग झालेली ती जगातील शेवटची रुग्ण. ती वाचली. तिची खबर दिली एका आठ वर्षांच्या मुलीने, आणि तिला बक्षीस मिळाले २५० टका. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

२६/ मुंबईतील तीन वर्षांच्या अ‍ॅनापासून भोला बेटावरील तितक्याच लहान रहिमापर्यंत १७३ वर्षे. या काळाचा इतिहास सहसा जेन्नर, कायदे आणि मोहिमांचा म्हणून सांगितला जातो. तो तितकाच त्या घरांचाही आहे, जेथे तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन कोणीतरी विचार करत बसले होते: आठव्या दिवशी दार उघडावे की नाही? ज्यांनी उघडले, त्यांनी आपल्या मुलाच्या वेदनेतून परक्या मुलाला वाचवले. ज्यांनी उघडले नाही, त्यांनाही आपले मूलच वाचवायचे होते. दोघांनाही समजून घेतल्याखेरीज हा इतिहास पुरा होत नाही.

२७/ घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या दंडावरचा वण पाहा आणि विचारा: कोणी टोचले, कोठे, तेव्हा कोण मांडीवर घेऊन बसले होते, ताप किती दिवस होता, घरात काय पाळले. जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा. सरकारी तक्त्यातला तो रिकामा रकाना भरू शकणारी माणसे आज आपल्यात आहेत. हा वण असलेली ती शेवटची पिढी आहे.

(समाप्त)